लहान जुनं जहाज की मोठं नवं? चंद्रपूर-गडचिरोलीहून क्रूझला निघणाऱ्यांसाठी

ताडोब्याला जाऊन आलेल्या माणसाला जिप्सी आणि कॅन्टरमधला फरक सांगावा लागत नाही. जिप्सीत सहा पर्यटक, सोबत गाईड आणि चालक. कॅन्टरमध्ये वीसेक जण. जिप्सी जुनी, धक्के देणारी, धुळीनं अंग माखणारी. मारुतीनं सामान्य ग्राहकांसाठी ती बनवणं २०१९ मध्ये बंदही केलं. तरीही मोहर्लीच्या गेटवर जिप्सी मिळाली की माणूस खुश होतो. कॅन्टर उंच असतो, माणशी स्वस्त पडतो, आजीपासून नातवापर्यंत सगळं घर एकत्र बसतं. जंगल तेच, वाघही तोच, पण दोन गाड्यांतून तो वेगळा दिसतो.

हे आठवण्याचं कारण म्हणजे सध्या आपल्या भागात वारंवार विचारला जाणारा प्रश्न. वेकोलितून निवृत्त झालेले, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, पेपर मिलमधली मंडळी, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आलेली जोडपी विचारतात, ‘क्रूझला जायचं म्हणतो, कोणती घ्यावी?’ मोठं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वैनगंगेचा पूर येतो, इरई धरण, घोडाझरीचा तलाव, फार तर सोमनूरचा संगम. नाव म्हणजे डोंगा. त्यामुळे जहाज निवडताना आपण चकचकीत पत्रकावर विसंबतो, आणि पत्रकातलं प्रत्येक जहाज ‘लक्झरी’च असतं. मी दोन्ही प्रकारच्या जहाजांवर राहून आलो आहे, एकदा आईला घेऊन आणि एकदा मुलांसोबत. त्या अनुभवावरून आणि नंतर जमवलेल्या माहितीवरून हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. एजंटला कंपनीचं नाव विचारू नका, जहाजाचं नाव विचारा. मग ते कोणत्या वर्षी बांधलं, मोठी दुरुस्ती कधी झाली, ग्रॉस टनेज किती आणि खोल्या किती, हे विचारा. एवढ्या चार-पाच गोष्टींतून जहाजाची कुंडली कळते.

मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांचा अलीकडचा इतिहास पाहिला तर तो बहुतेक जुन्या जहाजांचाच आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. शंभराच्या आसपास खोल्यांची ही बोट म्हणजे आधी जपानमधली फेरी. २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली. ती १९९० साली इटलीत ‘क्राउन प्रिन्सेस’ या नावानं बांधली गेली होती. वर्षभरातच करोना आला, कंपनी बंद पडली आणि २०२० च्या अखेरीस कर्णिका तोडण्यासाठी गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर गेली. २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ सुरू झाली. तीही १९९० चीच, फ्रान्समध्ये सेंट नझेरच्या गोदीत ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधलेली. पुढे तिनं ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ या नावानं अमेरिकेकडच्या समुद्रात बरीच वर्षं काढली. लांबी २११ मीटर, ग्रॉस टनेज ४८,५६३, खोल्या आठशेच्या घरात. २०२३ च्या नोव्हेंबरात ‘कोस्टा सेरेना’ हे २००७ चं, १ लाख १४ हजार टनांचं जहाजही एका हंगामासाठी मुंबईत आलं होतं. म्हणजे मुंबईहून कोणतं जहाज मिळेल हे दरवर्षी बदलतं. मागच्या वर्षी शेजारी ज्यावर गेले तेच यंदा असेल असं धरून चालू नका.

मोठी नवी जहाजं पाहायची तर आपल्याला जवळचं बंदर सिंगापूर. ‘गेंटिंग ड्रीम’ २०१६ चं, दीड लाख टनांचं, ३३५ मीटर लांब. काही हंगाम तिथूनच सुटत असलेलं ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ २०१९ चं, १ लाख ६९ हजार टनांचं, ३४७ मीटर लांब. जगातलं सगळ्यात मोठं म्हणून ज्याचा गाजावाजा झाला ते ‘आयकॉन ऑफ द सीज’ २०२४ च्या जानेवारीत मायामीहून निघालं. ते २ लाख ४८ हजार टनांचं आहे.

हे आकडे आपल्या ओळखीच्या मापात मोजू. बल्लारशाच्या फलाटावर लांब पल्ल्याच्या गाडीचा एक डबा साधारण २४ मीटरचा असतो. एम्प्रेस म्हणजे नऊ डबे. स्पेक्ट्रम म्हणजे साडेचौदा डबे, आणि तेही एकावर एक पंधरा-सोळा मजले रचलेले. आता समजा तुमची खोली शेपटाला आहे, जेवणाचा हॉल तोंडाकडे आहे आणि आईचे गुडघे दुखतात. सकाळचा चहा, दुपारचं जेवण, संध्याकाळचा कार्यक्रम, रात्रीचं जेवण असे दिवसातून चार वेळा जाऊन-येऊन तुम्ही तिला किती चालवता याचा हिशेब घरीच करा. मोठ्या जहाजावर लिफ्ट भरपूर असतात, हे खरं. पण हॉलमधला कार्यक्रम सुटला की त्या लिफ्टपुढेही गर्दी होते, आणि लिफ्ट आडवं अंतर कमी करत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. जुन्या जहाजांत न्हाणीघराचा उंबरठा उंच असतो, दारं अरुंद असतात, चाकाच्या खुर्चीसाठी बनवलेल्या खोल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून ज्येष्ठ माणूस काठी घेऊन चालत असेल तर लहान जहाज बरं आणि चाकाची खुर्ची लागतच असेल तर नवं मोठं जहाज बरं, असं माझं मत झालं आहे. मोठ्या जहाजावर लिफ्टजवळची खोली मागून घ्या, ती मिळते.

आता गर्दी. इथे बहुतेकांची फसगत होते. लहान जहाज म्हणजे कमी माणसं, म्हणजे निवांत, असं वाटतं. तसं नसतं. ग्रॉस टनेज हे जहाजाचं वजन नव्हे. आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. त्याला प्रवासीसंख्येनं भागलं की माणशी किती जागा येते ते कळतं. एम्प्रेसवर एका खोलीत दोन धरले तर सोळाशेच्या आसपास प्रवासी होतात. भागाकार येतो तीस. स्पेक्ट्रमवर दोनच्या हिशेबानं ४,२४६ प्रवासी, भागाकार चाळीस. गेंटिंग ड्रीमचा पंचेचाळीसच्या घरात जातो. म्हणजे माणसं दुपटीहून जास्त असूनही मोठ्या जहाजावर माणशी जागा जास्त. त्यात आपल्याकडची कुटुंबं एका खोलीत चार-चार जण राहतात, म्हणून मुंबईच्या जहाजावर तो तीसचा आकडा आणखी खाली येतो. शनिवार-रविवार जोडून आलेल्या फेरीत पोहण्याच्या तलावाजवळ पाय ठेवायला जागा नसते, हे मी पाहिलं आहे. तेच जहाज सोमवार-मंगळवारी निघालं की ओळखू येत नाही. नोकरीतून मोकळे झालेल्यांनी तर सुटीचे दिवस टाळायलाच हवेत. दिवाळी, नाताळ आणि शनिवार सोडले की लहान जहाजाचं सुख खरं कळतं.

ते सुख कोणतं, हेही सांगतो. मुंबई सुटल्यावर तासाभरात आम्ही खालच्या डेकवर कठड्याशी उभे होतो. पाणी इतकं जवळ की फेसाचा आवाज ऐकू येत होता. आईचा सगळा जन्म आरमोरीकडे धानाच्या बांध्यांत गेला. समुद्र तिनं टीव्हीवरच पाहिलेला. वाऱ्यानं कठड्यावर ओल धरली होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, ‘खारट आहे गा.’ मग बराच वेळ काही बोलली नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. पूर्वेला किनाऱ्याचे दिवे लागत गेले, एक दीपस्तंभ ठरावीक वेळानं उजळत राहिला. आत कुठेतरी गाण्यांचा कार्यक्रम चालू होता, तिला तो नको होता.

मोठ्या जहाजावर हे मिळत नाही असं नाही, पण शोधावं लागतं. तिथे सगळं जहाज आतल्या बाजूला तोंड करून बसलेलं असतं. दुकानांचा रस्ता, नाट्यगृह, बर्फावरचं स्केटिंग, घसरगुंड्या, चढाईची भिंत, दहा-बारा उपाहारगृहं. स्पेक्ट्रमवर तर काचेची एक कोठी लांब लोखंडी हातानं समुद्रावर उचलून नेतात. पंधराव्या मजल्यावरून समुद्र निळ्या चादरीसारखा दिसतो, सुंदर आणि दूर. माझ्या मुलांना तीन दिवसांत समुद्राकडे बघायला फुरसत झाली नाही आणि त्यांची सहल उत्तम झाली. बारा ते अठरा वयाची मुलं सोबत असतील तर मोठंच जहाज घ्या, यावर मी ठाम आहे. त्या वयाच्या मुलाला लहान जहाजावर दुसऱ्या दिवशी दुपारीच कंटाळा येतो, आणि कंटाळलेला मुलगा घेऊन समुद्रात फिरणं आईबापाला जड जातं.

म्हणून निवड करताना घरात एकच प्रश्न ठेवा: आपल्याला समुद्र पाहायचा आहे की जहाज? समुद्र पाहायचा असेल तर लहान, जहाज पाहायचं असेल तर मोठं. जुनं-नवं हा त्यानंतरचा प्रश्न.

त्या प्रश्नाचीही भीती अनेकांना असते. ‘पस्तीस वर्षांचं जहाज, बुडणार तर नाही ना?’ वयावरून सुरक्षितता ठरत नाही. टायटॅनिक १९१२ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं. इटलीजवळ खडकावर आदळून ३२ माणसं गेली ते कोस्टा कॉन्कॉर्डिया २०१२ मध्ये अवघं सहा वर्षांचं होतं. आपल्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. ती बोट १९३६ ची, म्हणजे अकरा वर्षांचीच होती. घात झाला तो हवामान, माणसांचा निर्णय आणि तयारीचा अभाव यांमुळे. आज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र दर बारा महिन्यांनी नव्यानं घ्यावं लागतं, आणि जुन्या जहाजाला पाच वर्षांत किमान दोनदा कोरड्या गोदीत उभं करून तळ तपासून घ्यावा लागतो. लाकूडकामासारख्या पेट घेणाऱ्या साहित्याबद्दलचे नियम २०१० पासून इतके कडक झाले की ज्यांना बदल परवडला नाही अशी अनेक जुनी जहाजं सेवेतून बाद झाली. प्रवाशानं करायचं काम एकच: जहाज सुटण्याआधी सुरक्षा-कवायत होते, तिला सगळ्यांनी हजर राहायचं. आपल्या खोलीपासून आपल्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा स्वतः चालून पाहायचं. लोक ती वेळ सेल्फीत घालवतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

जुन्या जहाजाचा त्रास बुडण्याचा नसतो, नळाचा असतो. एका जुन्या जहाजावर आमच्या न्हाणीघरातलं पाणी तुंबलं; दोन वेळा तक्रार केल्यावर खोली बदलून मिळाली, तोवर अर्धा दिवस गेला. वातानुकूलन एका कोपऱ्यात गार आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोमट, मार्गिकेत एखाद्या ठिकाणी कुबट वास, खोलीत प्लगची जागा एकच. त्यामुळे खोलीत पाऊल टाकताच सामान उघडण्याआधी नळ सोडून पाहा, फ्लश ओढून पाहा, थंड हवा येते का पाहा. काही बिघडलं असेल तर लगेच स्वागतकक्षात जा. जहाज बंदरात असतानाच रिकाम्या खोल्या कळतात. एक साधा एक्स्टेन्शन बोर्ड न्यावा असं वाटेल, पण बहुतेक जहाजांवर तो आगीच्या भीतीनं काढून घेतात. त्याऐवजी पॉवर बँक न्या.

मळमळीबद्दल आपल्याकडे फार धास्ती असते, कारण घाटातल्या एसटीतही आपल्याला उलट्या होतात. जहाज जितकं लांब आणि जड, तितकं ते कमी हलतं. शिवाय दोन्ही प्रकारच्या जहाजांना पाण्याखाली डोलणं रोखणारे पंख असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र बराच शांत असतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या सहली थांबतात आणि जहाजं पूर्वेकडे, चेन्नईकडे वळतात. लहान जहाज घेत असाल तर खोली खालच्या मजल्यावर आणि लांबीच्या मध्यावर घ्या. तिथे हेलकावा सगळ्यात कमी. अगदी तोंडाशी किंवा शेपटाशी, तेही वरच्या मजल्यावर, हलणं जास्त जाणवतं. वरच्या मजल्यांत आणखी एक पाहा: तुमच्या छताला लागून नाचगाण्याचा हॉल किंवा पोहण्याचा तलाव नको. रात्री दोनपर्यंत खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. जहाजाचा नकाशा एजंटकडून मागून घ्या आणि वर-खाली दोन्ही बाजूंना खोल्याच आहेत याची खात्री करा. रक्तदाब, साखर, हृदयविकार असलेल्यांनी मळमळीची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

खिडकीवर मात्र काटकसर करू नका. आतली खोली स्वस्त असते, पण तिला उजेडच नसतो. सकाळ झाली की नाही ते घड्याळावरून कळतं. जुन्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्या थोड्या आणि महाग, म्हणून खिडकीची खोली हा मधला उत्तम मार्ग. नव्या मोठ्या जहाजांवर बाल्कन्या भरपूर असतात, आणि तिथे बाल्कनी घेण्यात अर्थ आहे, कारण तेवढ्या गर्दीत समुद्राशी एकांत मिळण्याची तीच एक जागा.

जेवणाच्या बाबतीत मुंबईहून सुटणारं जहाज आपल्या माणसाला सोपं जातं. शाकाहारी, जैन, दक्षिणी, पंजाबी सगळं रोजचंच असतं. ठेचा आणि वांग्याची भाजी कुठेच मिळत नाही, हे मनाशी धरून चला. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय पदार्थ मिळतात, पण अनेकांपैकी एक म्हणून. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावं. तिथले कर्मचारी मनापासून मदत करतात, पण हजारो प्रवाशांत तुमचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नाही. लहान जहाजावर दुसऱ्या दिवशी वाढपी आईला विचारत होता, ‘मावशी, आज पण बिनसाखरेचा चहा?’

खर्चाचा आकडा पत्रकावरचा धरू नका. बंदर शुल्क, कर, रोजची सक्तीची बक्षिशी, थंड पेयं, इंटरनेट, काही उपाहारगृहं, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वेगळं. मोठ्या जहाजावर या वेगळ्या वस्तू जास्त, म्हणून तिथे मूळ भाडं आणि शेवटचं बिल यांत मोठी तफावत पडते. ‘सगळं धरून लेखी द्या’ असं एजंटला सांगा. मोबाइल जहाजावर चढताच विमान मोडवर टाका. उपग्रहाच्या जाळ्यात आपोआप शिरलेला फोन मोठं बिल करतो. कर्णिकेचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून वर्षभर आधी सगळी रक्कम भरू नका आणि परताव्याच्या अटी वाचल्याशिवाय तर मुळीच नाही. परदेशी सफरीला वैद्यकीय विमा घ्याच, जहाजावरचा डॉक्टर महाग असतो.

कागदपत्रांत फरक मोठा आहे. मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या सफरीला पासपोर्ट लागत नाही, आधारसारखं ओळखपत्र चालतं. लक्षद्वीपला उतरण्यासाठी वेगळी परवानगी लागते. ती कोण काढणार हे आधी विचारा. तिथे जहाज बेटापासून दूर नांगर टाकतं आणि लहान होड्यांतून उतरवतात, समुद्र खवळलेला असेल तर उतरणं रद्दही होतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना त्या होडीत पाय टाकणं अवघड जातं. सिंगापूरसाठी सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा, आणि जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येतं म्हणून एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा.

जाण्याच्या वाटेबद्दल आपल्या लोकांचा एक हिशेब चुकतो. सिंगापूरसाठी सगळे नागपूर-मुंबईच धरतात. बल्लारशा, राजुरा, अहेरी, सिरोंचाच्या माणसाला हैदराबाद जवळचं आहे. बल्लारशाहून काझीपेठमार्गे रेल्वे जाते आणि हैदराबादहून सिंगापूरला थेट विमानं आहेत. चेन्नईहून सुटणारं जहाज असेल तर आणखी सोपं, कारण दिल्ली-चेन्नई मार्ग आपल्या दारातूनच जातो. मुंबईसाठी वर्ध्याला विदर्भ एक्स्प्रेस किंवा सेवाग्राम एक्स्प्रेस गाठा; छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांवर.

माझा सल्ला विचाराल तर पहिली सफर मुंबईहून, लहान जहाजानं, दोन किंवा तीन रात्रींची, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, मध्यावरची खिडकीची खोली घेऊन करा. समुद्र मानवतो का, जहाजाचं जेवण, झोप, चालणं जमतं का, ते कमी पैशांत कळेल. आवडलं तर पुढच्या वर्षी मुलांना घेऊन सिंगापूरचं मोठं जहाज करा. आणि कोणतंही जहाज असो, बंदराच्या गावी एक दिवस आधी पोहोचा. रेल्वे चार तास उशिरा आली तरी चालते, जहाज मात्र ठरल्या वेळी सुटतं.